मोकदम ते पाणलोट सेवक : डोंगरउतारावरील वाटा व मृद्‌संधारणाच्या कामातील टोळीप्रमुखांच्या प्रशिक्षणाचा इतिहास
(विशेष संदर्भ : रोहिणखेड व मोताळा परिसर, जि. बुलढाणा)

गोषवारा

डोंगराळ प्रदेशातील वाटांची निगा आणि झिजलेल्या उतारांची दुरुस्ती ही कामे गटाने करावयाची असतात. गटाच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या जाणकारीवर त्यांचे यशापयश अवलंबून असते. महाराष्ट्रात या माणसाला निरनिराळ्या काळी मोकदम, नाईक, मुकादम, मेट, पाणलोट सेवक अशी नावे मिळाली. प्रस्तुत शोधनिबंधात अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेड या ऐतिहासिक गावाच्या परिसराला केंद्रस्थानी ठेवून या टोळीप्रमुखाची भूमिका आणि त्याचे प्रशिक्षण यांत झालेल्या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला आहे. दुष्काळी कामांच्या शतकभराच्या व्यवस्थेने टोळीप्रमुखाकडे हजेरी ठेवली आणि ज्ञान काढून घेतले. पाणलोट चळवळींनी ते ज्ञान त्याला परत दिले, तथापि त्याला स्थायी स्थान दिले नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : टोळीप्रमुख, मुकादम, घाटवाट, सलग समतल चर, श्रमदान, पाणलोट विकास, रोहिणखेड.

१. प्रस्तावना

पर्वतीय प्रदेशातील पायवाटा बांधणे, त्या पावसापासून राखणे आणि उजाड झालेले उतार पुन्हा सजीव करणे हा आज जगभर स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला जातो. युरोप-अमेरिकेतील हिमाच्छादित पर्वतांच्या संदर्भात या कामासाठी गटप्रमुख तयार करण्याची पद्धतशीर परंपरा निर्माण झाली आहे. आपल्याकडील अजिंठा रांग किंवा सह्याद्री यांची तुलना उंचीच्या किंवा हवामानाच्या दृष्टीने त्या पर्वतांशी करता येणार नाही. येथे बर्फ नाही. काळा पाषाण, त्यावरील मुरमाचा थर आणि त्याहून पातळ असा मातीचा थर आहे. परंतु कामाची मूलभूत अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. उतार तीव्र, माती थोडी, कामाचा हंगाम अल्प, साधने हातची आणि चुकीची शिक्षा तात्काळ. आल्प्समध्ये हे काम बर्फ वितळल्यानंतरच्या थोड्या महिन्यांत उरकावे लागते, तर विदर्भात ते मृग नक्षत्र लागण्यापूर्वी संपवावे लागते.

अशा कामात मजुरांची संख्या, निधी आणि अवजारे यांची चर्चा पुष्कळ होते. पंधरा-वीस माणसांच्या टोळीपुढे उभे राहून "येथे खणा, येथे थांबा" असे सांगणारा माणूस मात्र इतिहासलेखनात सहसा दिसत नाही. तो कोठून आला, तो काय जाणत होता, ते त्याला कोणी शिकविले आणि काम संपल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहेत.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) रोहिणखेड परिसराच्या भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमीवर घाटवाटांचे महत्त्व स्पष्ट करणे. (आ) टोळीप्रमुखाच्या भूमिकेतील बदलांचा कालानुक्रमे आढावा घेणे. (इ) त्याच्या प्रशिक्षणाच्या विविध पद्धतींचे मूल्यमापन करणे. (ई) आजच्या परिस्थितीत या इतिहासातून मिळणारा बोध मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून फिरिश्त्याचा इतिहासग्रंथ, १९१० चा बुलढाणा जिल्हा गॅझेटिअर, दुष्काळ व रोजगार हमीविषयक कायदे आणि पाणलोट कार्यक्रमांविषयीचे प्रकाशित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

३. रोहिणखेड : घाटाच्या पायथ्याचे गाव

वऱ्हाडाचे परंपरेने दोन भाग मानले जातात. अजिंठा डोंगराच्या माथ्यावरील पठार म्हणजे बालाघाट आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सखल प्रदेश म्हणजे पाईनघाट. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे. या चारशे मीटरच्या उताराच्या तळाशी, आजच्या मोताळा तालुक्यात, रोहिणखेड वसले आहे. उत्तरेकडील बुऱ्हाणपुराहून दख्खनच्या पठारावर चढणारी एक महत्त्वाची वाट येथून जात असल्याने हे गाव मध्ययुगीन राजकारणात वारंवार पुढे आले.

१४३७ मध्ये खानदेशचा फारुकी सुलतान नासीरखान याने वऱ्हाडावर स्वारी केली. बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याचा सेनापती खलफ हसन बसरी, म्हणजेच मलिक-उत्-तुज्जार, याने त्याचा रोहिणखेड येथे पराभव केला व पुढे बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला. दीड शतकानंतर, १५९१ मध्ये, अहमदनगरच्या गादीसाठी झालेल्या संघर्षात बुऱ्हाण निजामशाह दुसरा याने खानदेशच्या राजा अलीखानाच्या साहाय्याने जमालखानाचा येथेच पराभव केला. या लढाईत जमालखान मारला गेला. गावातील मशीद खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधल्याची नोंद आहे.

या घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने एका कारणासाठी महत्त्वाच्या आहेत. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन सैन्ये एकाच ठिकाणी येऊन भिडतात याचा अर्थ असा की, मधल्या काळात ती वाट वाहती होती. घाटवाट आपोआप टिकत नाही. दख्खनच्या पावसात उतारावरची न राखलेली वाट काही वर्षांतच ओघळ बनते. पाणी वाटेवर येते, वाटेनेच खाली धावते आणि मुरूम वाहून गेल्यावर उघडे दगड उरतात. म्हणून आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढणे, वळणावर कोरड्या रचाईची भिंत उभारणे आणि पावसाळ्यानंतर पडझड सावरणे ही कामे कोणी ना कोणी करीत असलेच पाहिजे. इतिहासग्रंथांनी सेनापतींची नावे नोंदविली. वाट राखणाऱ्यांची नोंद केली नाही.

या उताराचे दुसरे महत्त्व पाण्याशी निगडित आहे. पूर्णेच्या उपनद्या असलेल्या नळगंगा व विश्वगंगा याच डोंगरभागातून खाली उतरतात. त्यापुढे, जिल्ह्याच्या उत्तर भागात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. तेथील भूजल खारट असल्याने डोंगराच्या पायथ्याशी मुरणारे गोडे पाणी या प्रदेशाला विशेष मोलाचे आहे. घाटाच्या उतारावर पाणी थांबते की वाहून जाते, यावर पायथ्याच्या गावांची विहीर आणि रब्बी हंगाम अवलंबून असतो.

४. मोकदम, नाईक आणि वारशाने आलेले कौशल्य

'मुकादम' हा शब्द अरबी 'मुकद्दम' यावरून आला; त्याचा अर्थ 'पुढे असलेला'. बहामनी व निजामशाही काळातील फारसी-मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेले आढळते. गावाची लावणी, वसुली आणि गावकीची कामे यांची जबाबदारी त्याच्यावर असे. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण मजुरांच्या टोळीचा हजेरी घेणारा माणूस ओळखतो, तो शब्द एके काळी गावच्या जमिनीला जबाबदार असलेल्या माणसाचा होता. या एका शब्दाच्या घसरणीत आपल्या विषयाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

प्रत्यक्ष दगडमातीचे कौशल्य बेलदार, वडार, पाथरवट अशा समाजांकडे होते. घाटातून बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजारा तांड्यांना वाटांची जाण होती. तांड्याचा प्रमुख नाईक म्हणून ओळखला जाई. या समाजांतील प्रशिक्षण कुटुंबात आणि कामावरच होत असे. मुलगा प्रथम पाटी वाही, मग दगड निवडी, मग रचाईला हात लावी. कोणता दगड मुखाला व कोणता पोटात, भिंतीला आतल्या बाजूस किती कल द्यावा, पाण्याला वाट कोठे ठेवावी, हे त्याला पाहून आणि चुकून कळत जाई. या पद्धतीचा गुण असा की टोळीप्रमुख हा टोळीतील सर्वांत जाणता कारागीर असे. तिची मर्यादा अशी की हे ज्ञान जातीच्या चौकटीत बंदिस्त राही आणि त्या ज्ञानाला समाजात प्रतिष्ठा नसे.

५. दुष्काळी कामे आणि हजेरीचा मुकादम

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ पर्यंत लोहमार्ग मलकापूरवरून नागपूरपर्यंत पोहोचला आणि व्यापाराची दिशा बदलली. आज बुलढाणा-मलकापूर ही मुख्य वाहतूक राजूर घाटातून चालते. जुन्या वाटांकडे लक्ष देण्याचे शासकीय कारण जसजसे कमी झाले, तसतशी त्या राखणाऱ्यांची गरजही संपत गेली.

याच काळात मजुरांच्या टोळीला एक नवे रूप मिळाले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी मदतकार्यांची शिस्त ठरवून दिली. मजुरांच्या टोळ्या पाडणे, प्रत्येक टोळीवर एक प्रमुख नेमणे, ठराविक माप खणले किंवा फोडले की ठराविक मजुरी देणे, अशी ही व्यवस्था होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाडात खडी फोडणे, रस्ते व तलाव यांसारखी कामे निघाली. या व्यवस्थेचा हेतू माणसे जगविणे हा होता आणि तो हेतू कमी लेखता येणार नाही. परंतु तिने टोळीप्रमुखाची व्याख्या बदलली. आखणी अधिकाऱ्याने करावयाची, मोजणी ओव्हरसियरने करावयाची आणि टोळीप्रमुखाने माणसे मोजावयाची, असे श्रमविभाजन रूढ झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात हीच चौकट पुढे चालली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मदतकार्यांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांपर्यंत गेली. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान मिळाले. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य होणे ही घटना जागतिक महत्त्वाची होती. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी असंख्य कामे या योजनेतून उभी राहिली. तथापि कामावरील ज्ञानाची वाटणी जुनीच राहिली. कनिष्ठ अभियंत्याकडे आखणी व मोजमाप पुस्तक, मुकादम व हजेरी सहायकाकडे मस्टर, मजुराकडे कुदळ, घमेले. कामावर स्त्रियांचे प्रमाण मोठे असूनही मुकादमकी बहुधा पुरुषांकडेच राहिली. आपण खणतो तो चर याच ठिकाणी का, हे बहुसंख्य मजुरांना कोणी सांगितले नाही. मुकादमालाही ते सांगितलेले नसे.

६. समतल रेषेचे ज्ञान

टोळीप्रमुखाला हे ज्ञान असणे का अगत्याचे आहे, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. डोंगरउतारावरील मृद्‌संधारणाचे मुख्य साधन म्हणजे सलग समतल चर. तो उताराला आडवा आणि समान उंचीच्या रेषेवर खणतात. ६० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल असा चर घेतला तर १०० मीटर लांबीत १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी एका वेळी थांबू शकते. हा चर पूर्ण समतल असेल तरच हे गणित खरे. शंभर मीटरच्या लांबीत एक टोक दुसऱ्यापेक्षा केवळ ३० सेंमी खाली गेले, तर वरच्या टोकाला पाणी राहतच नाही, खालच्या टोकाला ते काठोकाठ भरते आणि एकूण साठवण निम्म्यावर येते. याहून गंभीर गोष्ट अशी की, सर्व पाणी त्या एका टोकाकडे धावून तेथील भराव फोडते. खालचे चर एकामागून एक फुटत जातात आणि माती अडविण्यासाठी केलेल्या कामातूनच नवी घळ तयार होते.

शंभर मीटरमागे ३० सेंमी हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो अभियंत्याच्या डंपी लेव्हलने कळतो, परंतु अभियंता प्रत्येक टोळीजवळ उभा राहू शकत नाही. त्यामुळे आखणी बरोबर असूनही खणताना दगड लागला की टोळी चर जरा वरखाली सरकवते आणि हजेरी घेणाऱ्या मुकादमाला त्यात वावगे वाटत नाही. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली बरोबर भरते. काम मात्र पहिल्या जोराच्या पावसात वाया जाते. घाटवाटेच्या बाबतीतही हेच आहे. वाटेवरचे पाणी बाजूला काढणारा आडवा दगडी पट्टा नेमका कोणत्या कोनात व कोठे बसवावा, हे जागेवरच ठरवावे लागते.

या अडचणीवरचा उपाय अत्यंत साधा आहे. दोन समान लांबीच्या काठ्या वर जोडून आणि मध्ये आडवी काठी बांधून केलेली ए-आकाराची चौकट व तिच्या शेंड्यापासून सोडलेला ओळंबा, एवढ्यावर समतल रेषा आखता येते. चौकट दोन बिंदूंवर ठेवून दोरीची खूण करावयाची, चौकट उलट फिरवून पुन्हा खूण करावयाची आणि दोन खुणांचा मध्य हा समतलाचा बिंदू मानावयाचा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीसारखे काम करणारा हायड्रोमार्करही याच तत्त्वाचा आहे. यासाठी अक्षरओळख लागत नाही. काळजीपूर्वक हात आणि एखाद्या दिवसाचा सराव पुरेसा होतो. म्हणजे शंभर वर्षे जे ज्ञान टोळीबाहेर राहिले, ते टोळीत आणणे तांत्रिक दृष्ट्या कधीच कठीण नव्हते. अडचण व्यवस्थेची होती.

७. पाणलोट चळवळी : टोळीप्रमुख पुन्हा शिकू लागतो

मुंबई इलाख्यात १९४२ च्या जमीन सुधारणा योजना अधिनियमानंतर समपातळी बांधबंदिस्तीला चालना मिळाली. मध्यप्रांत-वऱ्हाडात असलेला बुलढाणा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८३ मध्ये राज्य शासनाने सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला आणि १९९२ मध्ये जलसंधारणासाठी स्वतंत्र विभागाची रचना झाली. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८० मध्ये जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, स्थापन झाली होती. पण हे सर्व प्रशिक्षण मुख्यतः वरून खाली पाझरणारे होते.

वेगळी दिशा प्रयोगशील गावांनी दाखविली. राळेगणसिद्धीत १९७५ पासून अण्णा हजारे यांनी, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने आणि १९९० च्या दशकात हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांनी गावालाच कामाचा धनी केले. या प्रयोगांतून 'माथा ते पायथा' हा क्रम लोकांच्या बोलण्यात रुळला.

टोळीप्रमुखाच्या प्रशिक्षणाला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय मुख्यतः इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाला द्यावे लागेल. जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात नाबार्ड आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट (वॉटर) यांचा सहभाग होता. गावाला पूर्ण निधी देण्याआधी क्षमता बांधणीचा स्वतंत्र टप्पा ठेवणे, त्या टप्प्यात लहानशा क्षेत्रावर गावाने स्वतः काम करून दाखविणे, श्रमदानाची अट घालणे आणि गावातील तरुणांना पाणलोट सेवक म्हणून तयार करणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. पाणलोट सेवक गावचाच असे. तो आखणी करी, मोजमाप घेई, शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून बोलणी करी. हजेरी हा त्याच्या कामाचा केवळ एक भाग होता. मध्ययुगीन मोकदमाची जमिनीविषयीची जबाबदारी आणि वडार नाईकाचे हातातले कौशल्य हे दोन्ही गुण येथे प्रथमच, जातीच्या चौकटीबाहेर, एका माणसात आणण्याचा प्रयत्न झाला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेही 'मेट' या नावाने टोळीप्रमुखाला मान्यता दिली आणि या जागी स्त्रियांना प्राधान्य देण्याचे धोरण पुढे आले. मजूर कुटुंबांतील दहावी झालेल्या तरुणांना सुमारे तीन महिन्यांचे निवासी प्रशिक्षण देऊन 'बेअरफूट टेक्निशियन' घडविण्याचा उपक्रमही त्याच कायद्यान्वये हाती घेण्यात आला. दिशा योग्य होती, पण व्याप्ती गरजेच्या मानाने अल्प राहिली.

८. मोताळा तालुका आणि वॉटर कप

रोहिणखेडच्या परिसराशी या इतिहासाचा थेट संबंध २०१८ मध्ये आला. आमिर खान, किरण राव व सत्यजित भटकळ यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशनने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावागावांतील स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके, २०१७ मध्ये ३० व २०१८ मध्ये ७५ तालुके तिच्यात होते. ज्या तालुक्यात रोहिणखेड येते, त्या मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने २०१८ च्या स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील भांडवलीबरोबर राज्यस्तरीय दुसरा क्रमांक विभागून मिळविला. पहिला क्रमांक माण तालुक्यातील टाकेवाडीला मिळाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या स्पर्धेचे खरे वेगळेपण पारितोषिकात नसून तिच्या आधीच्या चार दिवसांत आहे. प्रत्येक गावाने निवडलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांना यशस्वी गावांमध्ये निवासी प्रशिक्षण दिले जाई. ए-चौकट व हायड्रोमार्कर वापरणे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचारांचा क्रम ठरविणे, पाण्याचा ताळेबंद मांडणे हा तांत्रिक भाग. आणि गट-तट विसरून गावाला एकत्र आणणे, माळावर पहाटे किंवा रात्री कामाला माणसे जमविणे हा सामाजिक भाग. पुढील ४५ दिवस ही माणसे गावाच्या टोळ्यांपुढे उभी राहत. टोळीप्रमुखाला दोन विद्या लागतात, एक जमिनीची आणि एक माणसांची, हे या आखणीत ओळखले गेले होते. मजुरी देऊन आणलेल्या टोळीत हुकूम चालतो. श्रमदानाच्या टोळीत तो चालत नाही. तेथे प्रमुखाला प्रत्येक चराचे कारण समजावून सांगावे लागते आणि म्हणून ते आधी स्वतःला कळावे लागते.

त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने जेसीबी-पोकलेन यंत्रांद्वारे धरणे-तलावांतील गाळ काढण्याची मोठी मोहीम हाती घेतली. जलयुक्त शिवार अभियानातही (२०१४ ते २०१९) यंत्रांचा वापर मोठा होता. यंत्रामुळे कामाचा वेग वाढला. पण टोळीप्रमुखाची गरज संपली असे म्हणता येत नाही. यंत्रचालक तासाच्या हिशेबाने चालतो. त्याला रेषा आखून देणारे, कोठे थांबावे हे सांगणारे जाणते माणूस नसेल, तर चूकही यंत्राच्याच वेगाने होते.

९. जागतिक संदर्भ

अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ दरम्यान, 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' या योजनेखाली सुमारे ३० लाख बेरोजगार तरुणांनी वनीकरण, मृद्‌संधारण आणि पर्वतीय वाटा बांधण्याची कामे केली. शहरांतून आलेल्या या तरुणांना कुऱ्हाड-कुदळीची सवय नव्हती. यावर उपाय म्हणून प्रत्येक छावणीत त्या भागातील अनुभवी कारागिरांना 'स्थानिक अनुभवी माणसे' या अधिकृत नावाने पगारी नेमण्यात आले आणि टोळ्यांचे प्रशिक्षण त्यांच्या हाती दिले गेले. आपली दुष्काळी कामे आणि ही योजना यांचा उगम सारखाच, म्हणजे संकटकाळात काम पुरविण्याचा आहे. फरक असा की, तेथे स्थानिक जाणकाराला नाव, पद आणि वेतन मिळाले. आपल्याकडील वडार, बेलदार हे त्याच कामावर साधे मजूर म्हणून आले.

भारतातही पर्वतासाठी नेता घडविण्याची परंपरा आहे. दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) येथून असंख्य मराठी तरुण गिर्यारोहणाचे प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रम पूर्ण करून आले. पर्वत चढणाऱ्या नेत्याला पायरीपायरीचा अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र आहे. पर्वत राखणाऱ्या नेत्याला तशी अखंड वाट आपण अद्याप तयार केलेली नाही.

१०. विवेचन

वरील आढाव्यातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, टोळीप्रमुखाचे ज्ञान आणि त्याचा अधिकार यांची फारकत झाली की कामाचा दर्जा घसरतो. दुष्काळी कामांच्या दीर्घ कालखंडाने हे दाखविले. दुसरी, हे ज्ञान सामान्य ग्रामस्थाला अल्पावधीत देता येते. पाणलोट सेवक व वॉटर कपच्या प्रशिक्षणार्थींनी ते सिद्ध केले. तिसरी बाब अधिक चिंतेची आहे. आपल्या सर्व प्रशिक्षणाचा आयुर्मर्याद प्रकल्पाशी किंवा स्पर्धेशी बांधला गेला. वॉटर कप २०१९ नंतर झाला नाही. संस्थेने पुढे समृद्ध गाव स्पर्धा आणि २०२२ पासून शेतकऱ्यांच्या गटशेतीची स्पर्धा असे आपल्या कार्याचे स्वरूप बदलले. संस्थेने आपले कार्यक्षेत्र बदलणे यात काही गैर नाही. परंतु डोंगरावरचे चर तेथेच असतात आणि दर पावसाळ्यात ते गाळाने थोडे थोडे भरत जातात.

उतारावरील काम हे एकदा करून विसरण्याचे काम नाही. चरातील गाळ काढणे, फुटलेला भराव सांधणे, बांधावरील गवत व झाडोरा टिकविणे, चराईला आळा घालणे ही दरवर्षीची निगा आहे आणि तिला कोणताही उद्‌घाटन समारंभ नसतो. बांधणीसाठी निधी व उत्साह मिळतो, निगेसाठी मिळत नाही. ज्या माणसाला चार दिवसांत शिकवून टोळीपुढे उभे केले, त्याला सहाव्या वर्षी त्याच डोंगरावर काम करण्याचे पद नाही, मानधन नाही आणि पुढील शिक्षणाची सोयही नाही. तो तरुण पुण्या-सुरतेला रोजगारासाठी गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही गावाबाहेर जाते. रोहिणखेडच्या घाटवाटेचे जे झाले, तेच आपण नुकत्याच घडविलेल्या उतारांचे होऊ द्यायचे काय, हा या अभ्यासातून उभा राहणारा प्रश्न आहे.

११. निष्कर्ष व शिफारशी

१. डोंगरउतारावरील कामांचे यश टोळीप्रमुखाच्या जाणकारीवर अवलंबून असते. म्हणून त्याचे प्रशिक्षण हा योजनेचा गौण भाग न मानता पायाभूत भाग मानला जावा.

२. दुष्काळ संहितेपासून रूढ झालेली 'आखणी एकाकडे, हजेरी दुसऱ्याकडे' ही विभागणी सोडून टोळीप्रमुखाला समतल रेषा आखण्याचे व तपासण्याचे साधन आणि अधिकार द्यावेत.

३. डोंगरपायथ्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने निगेसाठी किमान एक प्रशिक्षित स्त्री व एक प्रशिक्षित पुरुष यांना वार्षिक मानधनावर नेमण्याची तरतूद करावी.

४. वडार, बेलदार समाजांतील ज्येष्ठ कारागिरांना कोरड्या रचाईचे व दगडी कामाचे प्रशिक्षक म्हणून सन्मानाने व वेतनासह बोलवावे.

५. डोंगराळ तालुक्यांतील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजना, भूगोल व इतिहास या विभागांच्या सहकार्याने अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा. जुन्या घाटवाटांची नोंद व समतल चरांची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पाहणी हा त्यातील प्रात्यक्षिकाचा भाग असावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर गावोगाव भरते. त्यातील श्रमदानाला अशा प्रशिक्षणाची जोड दिल्यास विद्यार्थ्याने खणलेला चर पुढच्या वर्षीच्या तुकडीला तपासता येईल.

'मोकदम' म्हणजे पुढे असलेला. त्याने पुढे असावे ते हजेरीच्या वहीमुळे नव्हे, तर पायांखालचा उतार त्याला कळतो म्हणून. बुलढाण्याच्या घाटाखालील गावांना ही माणसे एकदा मिळाली होती, याची साक्ष सिंदखेडच्या माळावर आहे. ती टिकवून धरणारी व्यवस्था उभी करणे हे शासन, ग्रामपंचायती आणि महाविद्यालये यांच्यापुढील काम आहे.